अनुवर्तनाचा प्रश्न : 'द डार्क क्रिस्टल' आणि त्याची पूर्वकथा

१

एखादी कलाकृती पूर्ण होऊन रसिकांच्या मनात स्थिर झाली, म्हणजे तिच्या जगात पुन्हा एकदा प्रवेश करावा अशी इच्छा रसिकांना होते, कलावंतालाही होते. 'महावीरचरिता'त रामाच्या राज्याभिषेकापर्यंतची कथा सांगून झाल्यावर भवभूतीला 'उत्तररामचरिता'त पुन्हा रामाकडेच वळावेसे वाटले. या इच्छेचे समर्थन मात्र दर वेळी नव्याने करावे लागते. पूर्ण झालेल्या कृतीला काही जोडावयाचे, तर ती पूर्ण नव्हती असे तरी सिद्ध व्हावे लागते, किंवा जोडलेला भाग स्वतःच्या बळावर उभा राहावा लागतो. यांपैकी काहीच घडले नाही, तर उरते ती केवळ लोकप्रियतेची वसुली.

बाहुल्यांच्या चित्रपटाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सामान्यतः दुर्लक्षिली जाते. अशा चित्रपटाचे जग केवळ कल्पनेत नसते. ते लाकूड, कापड, रबर, तारा आणि माणसांचे हात यांचे बनलेले असते. कथा पुस्तकात टिकते, चित्र फितीवर टिकते. परंतु बाहुली झिजते आणि ती चालविणारा हात एक दिवस थांबतो. तेव्हा पुढची कृती निर्माण करणे म्हणजे कथा पुढे नेणे, एवढाच अर्थ येथे पुरा पडत नाही. जिम हेन्सन आणि फ्रँक ओझ यांनी दिग्दर्शित केलेला 'द डार्क क्रिस्टल' (१९८२) हा चित्रपट आणि सदतीस वर्षांनी आलेली 'द डार्क क्रिस्टल : एज ऑफ रेझिस्टन्स' (२०१९) ही दहा भागांची मालिका यांच्या संबंधात ही बाब विशेष स्पष्ट होते. कथेच्या दृष्टीने मूळ चित्रपटाला पुढचा भाग नको होता. कलेच्या दृष्टीने तो हवा होता. या दोन गोष्टींतील ताण मालिकेच्या गुणांच्या मुळाशी आहे आणि दोषांच्याही मुळाशी आहे.

२

'मपेट शो' (१९७६-८१) या विनोदी कार्यक्रमामुळे हेन्सन जगभर प्रसिद्धी पावले होते. तथापि, बाहुली म्हणजे लहान मुलांचा विनोद, हे समीकरण त्यांना मोडावयाचे होते. १९७८ च्या हिवाळ्यात हिमवादळामुळे न्यू यॉर्कच्या विमानतळाजवळ मुलीसह अडकून पडले असता त्यांनी या कथेचा पहिला आराखडा लिहून काढला. इंग्लिश चित्रकार ब्रायन फ्राउड यांची चित्रे त्यांनी पूर्वीच हेरली होती. पटकथा लिहिली जाण्यापूर्वीच त्या जगाचे रूप फ्राउडकडून घडत गेले, हा क्रम लक्षणीय आहे. डेव्हिड ओडेल यांची पटकथा आधी सिद्ध झालेल्या एका दृश्यसृष्टीत नंतर येऊन वसली. इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे चित्रीकरण झाले आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात एकही मानवी पात्र दिसत नाही.

कथा थोडक्यात अशी. हजार वर्षांपूर्वी एक महास्फटिक भंगला आणि त्याचा एक तुकडा हरवला. त्याच क्षणी दोन जमाती अस्तित्वात आल्या : गिधाडासारखे, भरजरी वस्त्रांत गुंडाळलेले, क्रूर स्केक्सिस आणि मंद, सौम्य, ध्यानमग्न मिस्टिक. गेल्फलिंगच्या हातून आपली सत्ता नष्ट होणार, हे भाकीत ऐकून स्केक्सिसांनी त्या जमातीचा संहार केला. त्यातून वाचलेला जेन हा गेल्फलिंग मिस्टिकांपाशी वाढतो. हरवलेला तुकडा तो ऑग्रा या वृद्ध ज्योतिषिणीकडून मिळवितो. कीरा या दुसऱ्या गेल्फलिंगची त्याला सोबत मिळते. आणि तिन्ही सूर्य एका रेषेत येतात त्या क्षणी तो तुकडा स्फटिकात बसवितो. मग कळते की स्केक्सिस आणि मिस्टिक हे भिन्न नाहीतच. एकाच जमातीची ती दोन शकले आहेत. ती पुन्हा एक होतात, मृत कीरेला जिवंत करतात आणि ते जग सोडून निघून जातात.

कथावस्तू साधी आहे. किंबहुना तिचा नायक काहीसा फिकाही आहे. चित्रपटाचे बळ घाटात आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मानली. त्यांचे इतके उघड उदाहरण चित्रपटसृष्टीत क्वचित सापडेल. सम्राट स्केक्सिस मरणपंथाला लागतो तेव्हा मिस्टिकांचा गुरूही प्राण सोडतो; एकाचा देह चुरा होऊन ढासळतो, दुसऱ्याचा हलकेच विरून जातो. एकाला जखम झाली की दुसऱ्याच्या अंगावर ती उमटते. विरोध जितका ताणला जातो तितका त्याखालचा संवाद जाणवू लागतो, आणि अखेरीस दोन्ही समतोलात विसर्जित होतात. हा शेवट केवळ सुखान्त नव्हे. ज्या भेदामुळे कथा संभवली, तो भेदच तेथे नाहीसा होतो.

३

येथेच उत्तरकथेची वाट बंद होते. दुष्टांचा पराभव हा ज्या कथेचा शेवट असतो, तिला नवा दुष्ट आणून पुढे चालविता येते. 'द डार्क क्रिस्टल'मध्ये दुष्टांचा पराभव होत नाही. दुष्टत्व हे अपूर्णत्व होते असे कळते आणि ते पूर्ण होते. या शेवटानंतर काही घडवावयाचे, तर आधी तो शेवट रद्द करावा लागतो.

उत्तरकथेच्या प्रयत्नांचा इतिहास याची साक्ष देतो. हेन्सन १६ मे १९९० रोजी निवर्तले. 'पॉवर ऑफ द डार्क क्रिस्टल' या चित्रपटाची घोषणा २००५ मध्ये झाली. २००६ मध्ये गेंडी टार्टाकोव्स्की आणि २०१० मध्ये स्पिअरिग बंधू यांची नावे दिग्दर्शक म्हणून पुढे आली. परंतु चित्रपट झाला नाही. ती पटकथा २०१७ पासून चित्रकथेच्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाली. तीत अनेक वर्षांनंतर पृथ्वीच्या गाभ्यातून थर्मा नावाची अग्निकन्या येते. आपल्या विझत चाललेल्या जगासाठी तिला स्फटिकाचा तुकडा हवा असतो. स्फटिक पुन्हा भंगतो आणि स्केक्सिस व मिस्टिक पुन्हा प्रकट होतात. तिच्या मागणीत खरी नैतिक अडचण आहे : एका जगाचे पूर्णत्व दुसऱ्या जगाच्या विनाशावर उभे असेल तर काय करावे? प्रश्न चांगला आहे. तथापि, तो विचारण्यासाठी मूळ कृतीचा समतोल मोडावा लागतो आणि विसर्जित झालेली पात्रे परत बोलवावी लागतात. चित्रपट न होण्याची कारणे आर्थिक होती असे धरले, तरी कथेच्या तर्कातच एक अडथळा होता हे नाकारता येत नाही.

राहिली पूर्वकथा. मूळ चित्रपटात गेल्फलिंगांचा संहार आरंभीच्या निवेदनात एखाद्या वाक्यात येऊन जातो. जेन आणि कीरा यांना एका उद्ध्वस्त नगरीच्या अवशेषांत त्याच्या खुणा तेवढ्या सापडतात. त्या भिंतींत पूर्वी कोण राहत होते, हा प्रश्न चित्रपट उपस्थित करतो आणि तसाच सोडतो. मालिका त्या रिकाम्या जागेत वसली आहे. शेवटाला हात न लावता ती मूळ कृतीच्या पाठीमागे जाते. ही निवड व्यवहारचातुर्याची आहेच, शिवाय ती कलादृष्ट्या एकमेव सुसंगत निवड होती.

४

पूर्वकथेचा मोठा दोष म्हणून सांगितला जातो तो हा की तिचा शेवट आधीच ठाऊक असतो. भारतीय रसिकाला हा दोष वाटण्याचे कारण नाही. रामकथा वा भारतकथा रंगभूमीवर पाहणाऱ्याला पुढे काय होणार याची उत्कंठा कधीच नव्हती. कसे होणार, आणि ते भोगणाऱ्याला त्या क्षणी काय वाटणार, यावर त्याचे लक्ष असे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम आणि सीता भूतकाळाची चित्रे पाहतात तेव्हा त्यांच्या सुखावर पुढच्या वियोगाची छाया प्रेक्षकाला दिसत असते. त्यांना ती दिसत नसते. करुणाचा उगम या अंतरात आहे.

मालिकेच्या आरंभीच्या भागांना हेच अंतर बळ देते. गेल्फलिंगांच्या सात जमाती आहेत, त्यांचे उत्सव आहेत, परस्परांविषयीचे पूर्वग्रह आहेत. आणि त्या सर्वांची स्केक्सिसांवर निष्ठा आहे. स्केक्सिस येतात, भेटी स्वीकारतात, गेल्फलिंग नम्रपणे रांगेत उभे राहतात. हे सर्व नष्ट होणार आहे हे प्रेक्षक जाणतो. त्यामुळे साधे भोजनाचे दृश्यही त्याला जड वाटते. रियान हा किल्ल्यातील रक्षक आपल्या प्रेयसीचे जीवसत्त्व स्केक्सिसांनी शोषून घेतलेले पाहतो आणि सत्य सांगू लागतो. परंतु त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. भुयारांतील गेल्फलिंगांपैकी डीट हिला भूमीला लागलेली कीड दिसते. ग्रंथांत रमणारी राजकन्या ब्रिया प्रश्न विचारते म्हणून संकटात सापडते. तिघांच्या कथा दूरवर सुरू होऊन सावकाश एकत्र येतात.

या तिघांहून अधिक लक्षात राहते ती ब्रियाची थोरली बहीण सेलॅडॉन. आईचा वध झाल्यावरही ती स्केक्सिसांशी निष्ठा सोडीत नाही. राज्यकर्ते न्यायी असलेच पाहिजेत, नाहीतर आजवरचे सारे आयुष्य खोटे ठरेल, या भीतीने ती त्यांना धरून राहते. त्यांच्यासारखा वेश करून ती त्यांच्यापुढे जाते आणि ते तिची विटंबना करतात. मूळ चित्रपटात सत्ता म्हणजे केवळ क्रौर्य होते. मालिकेने सत्तेला मिळणारी संमती दाखविली : पीडितांच्याच आज्ञाधारकपणावर ती कशी पोसते, आणि सत्य कळल्यावरही ते मानणे का जड जाते. ही भर खरी आहे. ती मूळ कृतीत नव्हती आणि मूळ कृतीच्या विरुद्धही नाही.

मिस्टिक आणि स्केक्सिस यांच्या ऐक्याचा सिद्धान्तही मालिका केवळ गृहीत धरीत नाही. त्याची किंमत मोजावयास लावते. शिकारी स्केक्सिसाला थांबविण्याचा दुसरा मार्ग नाही असे दिसताच त्याचे प्रतिरूप असलेला धनुर्धर मिस्टिक स्वतःला कड्यावरून झोकून देतो. मूळ चित्रपटात दोन देहांचा संबंध हा एक विस्मयकारक नियम होता. येथे तो आत्मबलिदानाचे साधन होतो.

५

आता साधनांचा विचार केला पाहिजे, कारण बाहुलीपटाच्या समीक्षेत तोच सर्वाधिक टाळला जातो. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार मानले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. मानवी नटाच्या ठिकाणी हे चारही एका देहात वसतात. बाहुलीत ते फुटून वेगळे होतात. आहार्य, म्हणजे वेश आणि रंग, नटावर चढविलेले नसते. तेच नट असते. आंगिक दुसऱ्या कोणाच्या हातातून येते. वाचिक आणखी तिसऱ्याकडून. या विभाजनाची जाणीव आपल्या परंपरेला जुनी आहे. राजशेखराच्या 'बालरामायणा'च्या पाचव्या अंकात रावणासाठी सीतेची यंत्रबाहुली घडविलेली आहे आणि तिच्या मुखात बोलणारी सारिका बसविली आहे. रावण डोळ्यांनी व कानांनी फसतो, स्पर्श होताच त्याचा भ्रम फिटतो. रिचर्ड पिशेल याने तर १९०० मध्ये असे मत मांडले की 'सूत्रधार' ही संज्ञाच बाहुल्यांच्या खेळातून संस्कृत रंगभूमीवर आली. हे मत सर्वांनी स्वीकारले नाही. परंतु नाट्याचा विचार करताना बाहुलीला परिघावर ठेवता येत नाही, एवढे त्यातून निष्पन्न होते.

'द डार्क क्रिस्टल'मध्ये हे विभाजन टोकाला गेले आहे. स्केक्सिसाच्या देहात एक कलावंत शिरे. त्याचा एक हात वर उंचावलेला, बाहुलीच्या मस्तकात. पुढचे त्याला दिसत नसे, म्हणून छातीशी बांधलेल्या लहान चित्रपटलावर तो स्वतःची हालचाल पाही. डोळे आणि चेहऱ्याचे स्नायू तारांच्या साह्याने इतर सहकारी चालवीत. गेल्फलिंगांसाठी चित्रीकरणाची भूमीच उंच बांधलेली असे, म्हणजे चालक खाली उभे राहू शकत. जेनच्या बाहुलीचा मुख्य चालक स्वतः हेन्सन, आवाज मात्र स्टीफन गार्लिक यांचा. ऑग्रेचे चलन फ्रँक ओझ यांचे, आवाज बिली व्हाइटलॉ यांचा. मिस्टिकांची संथ चाल घडविण्यात मूकाभिनयकार ज्यां-पिएर आमिएल यांचा वाटा होता. एक पात्र म्हणजे एक लहानसा समुदाय होता.

प्रश्न उरतो तो सात्त्विकाचा. आठ सात्त्विक भावांपैकी स्तंभ, वेपथू आणि प्रलय हे तीन बाहुलीला साधतात. किंबहुना माणसाहून चांगले साधतात. बाहुली थांबली म्हणजे ती खरोखरच निश्चल होते. हाताच्या किंचित थरथरीने ती कापते. आणि हात काढून घेतला की तिच्यातून प्राण गेल्याचे दिसते. स्वरभेद आवाजाकडून मिळतो. चेंबरलेन हा स्केक्सिस (हुद्द्याने संस्कृत नाटकातला कंचुकी) बोलण्यापूर्वी जो लाचार हुंकार काढतो, त्यात त्याचे सारे शील आहे. मालिकेत सायमन पेग यांनी तो हुंकार जपला, आणि त्यामुळे मूळ पात्राशी अनुसंधान एका क्षणात जुळते. परंतु स्वेद, रोमांच, वैवर्ण्य आणि अश्रू हे त्वचेचे भाव आहेत. रबराला ते साधत नाहीत.

मूळ चित्रपटातील गुण आणि दोष येथून समजतात. स्केक्सिस अविस्मरणीय झाले, कारण त्यांच्यात आहार्य हेच सर्वस्व आहे; सुरकुत्या, भरजरी चिंध्या आणि दात यांतून त्यांचे अंतरंग पूर्ण बाहेर आलेले आहे. जेन फिका पडला, कारण त्याच्याकडून अंतरंगाची अपेक्षा होती आणि त्याच्या मुखावर ते उमटू शकत नव्हते. मूळ कल्पनेनुसार स्केक्सिसांची स्वतंत्र, अनाकलनीय भाषा होती. चाचणी-खेळातील प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून तिच्या जागी इंग्रजी संवाद घालण्यात आले. ही तडजोड होती. परंतु त्या दृश्यांकडे आजही पाहिले तर ती शब्दांवाचून समजतात, हे आहार्याचे सामर्थ्य.

मालिकेपुढे एक सोपा मार्ग उपलब्ध होता. संगणकाने निर्मिलेली पात्रे रडू शकतात, लाजू शकतात, त्यांच्या त्वचेचा रंग पालटू शकतो. निर्मितीच्या आरंभी स्केक्सिस बाहुलीच्या रूपात आणि गेल्फलिंग संगणकनिर्मित, अशी एक चाचणी घेण्यात आली. तीतून उलटाच निर्णय झाला : सर्वच पात्रे बाहुल्या असतील. दिग्दर्शक लुई लतेरिए यांनी दहाही भाग याच रीतीने चित्रित केले. संगणकाला मर्यादित काम दिले गेले : चालकांना चित्रातून पुसून टाकणे, दूरचे देखावे वाढविणे, आणि पापण्यांची वा जिभेची हालचाल यांसारख्या काही सूक्ष्म गोष्टी.

ही मर्यादा आखण्यात मालिकेचा विवेक दिसतो. चेहऱ्याला थोडे साह्य मिळाल्यामुळे गेल्फलिंग संवाद पेलू लागले. सेलॅडॉनसारखे गुंतागुंतीचे पात्र शक्य झाले ते यामुळे. तरीही अश्रूंची बव्हंशी जबाबदारी प्रेक्षकावरच राहिली. बाहुली रडत नाही म्हणूनच तिच्यासाठी प्रेक्षक रडतो. रावण फसला होता. बाहुलीपटाचा प्रेक्षक फसत नाही. हे रबर आहे हे तो पुरते जाणतो, आणि जाणूनही हेलावतो. संगणकाची पूर्ण भूल त्याला रावणाच्या जागी बसविते. बाहुली त्याला सहृदयाच्या जागी ठेवते.

६

मालिकेच्या उत्तरार्धातील एक प्रसंग या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. दूर वाळवंटात एक बहिष्कृत स्केक्सिस आणि त्याचाच प्रतिरूप मिस्टिक एकत्र राहतात. वैर विसरून थट्टामस्करीत आयुष्य घालविणारी ही विलक्षण जोडी आहे. स्फटिक कसा भंगला हे नायकांना सांगण्यासाठी ते दोघे बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुल्यांच्या जगात बाहुल्यांचा खेळ, आणि तो पाहणारे प्रेक्षकही बाहुल्याच. प्रेक्षकांत आरंभी कंटाळाही दिसतो, हा विनोद निर्मात्यांनी स्वतःवर केलेला आहे.

'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकातील गर्भांकाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे राम स्वतःच्याच जीवनाचे नाट्य पाहतो आणि नाट्य व सत्य यांतील सीमा विसरतो. त्या विस्मरणातून सीतेची पुनर्प्राप्ती घडते. मालिकेतील गर्भांकात अशी भावोत्कटता नाही. परंतु त्याचे कार्य समान आहे. नाट्याने सांगितल्यावाचून जे सत्य पात्रांना कळले नसते, ते नाट्य त्यांना सांगते. आणखी एक गोष्ट तेथे सुचते : स्केक्सिस व मिस्टिक एक होऊ शकतात हे स्फटिक जुळण्यापूर्वीच या जोडीत दिसून येते, आणि त्यांच्या ऐक्याचे माध्यम आहे दोघांनी मिळून चालविलेली बाहुली. एका बाहुलीमागे अनेक हात असतात, ही या कलेची तांत्रिक गरज येथे कथेचा आशय बनली आहे. पूर्वकथेने मूळ कृतीला दिलेले हे कदाचित सर्वांत सूक्ष्म उत्तर असेल.

७

मालिकेचे दोष झाकण्याचे कारण नाही. मूळ चित्रपटात मौनाला मोठी जागा होती. किल्ल्यातील काळोख, मिस्टिकांची लांबच लांब वाटचाल, ट्रेव्हर जोन्स यांचे संगीत. पुष्कळसे जग स्पष्टीकरणाविना पडद्यावरून सरकत जाई. मालिकेत जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नाव, इतिहास आणि कारण आहे. भविष्यवाण्या, तलवार, तुकडा कोठे दडला होता याचा उलगडा, यांमुळे विस्मयाची जागा अनेकदा माहिती घेते. कॅमेराही अखंड फिरतो. मूळ चित्रपटातील स्थिर चौकट प्रेक्षकाला एखादे चित्र निरखू देई, येथे तो वेळ कमी मिळतो. शिवाय दहा भागांच्या विस्तारात लढाया वाढल्या, आणि लढाई ही बाहुलीची सर्वांत दुबळी कृती आहे. वेगात बाहुलीचे वजन हरवते.

याहून गंभीर बाब मालिकेबाहेरची आहे. शेवटच्या भागात गेल्फलिंगांना एक विजय मिळतो, डीट स्वतःच शापित शक्तीची वाहक बनून निघून जाते, आणि किल्ल्यात गार्थिम जन्माला येतो : ज्यांच्या हातून पुढे संहार होणार आहे ते राक्षसी सैनिक. कथा अर्थातच पुढे जावयाची होती. सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेला बालकार्यक्रमांसाठीचा एमी पुरस्कार मिळाला, आणि त्याच महिन्यात ती पुढे चालणार नसल्याचे जाहीर झाले. पूर्वकथेची करुणा ज्ञात शेवटाकडे नेणाऱ्या वाटेवर अवलंबून होती. ती वाट मध्येच तुटली. शेवट १९८२ च्या चित्रपटात आहे, आरंभ २०१९ च्या मालिकेत आहे. मधला संहार कोणीच दाखविलेला नाही. विजयाच्या क्षणी थांबलेली ही कथा, पुढचे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला, निर्मात्यांनी योजिली नव्हती अशा रीतीने अधिकच विषण्ण करते. परंतु योगायोगाने आलेला परिणाम हा कृतीचा गुण म्हणून मोजता येत नाही.

८

या अपूर्णतेचा खरा तोटा कोणाला झाला? कथेला फारसा नाही. स्फटिक जुळतो हे १९८२ मध्येच सांगून झाले होते. तोटा झाला तो कलेला. मूळ बाहुल्या ज्या फोम लॅटेक्सच्या होत्या, ते रबर काळाने कुजते. मालिकेसाठी सर्व पात्रे नव्याने घडवावी लागली. ब्रायन फ्राउड पुन्हा आले. वेंडी फ्राउड यांनी मूळ चित्रपटासाठी जेन आणि कीरा यांच्या घडणीत भाग घेतला होता. त्या दोघांचा मुलगा टोबी फ्राउड मालिकेचा रूपरचना-पर्यवेक्षक होता. नवीन पिढीतील चालकांनी स्केक्सिसाच्या देहात हात उंचावून उभे राहण्याची विद्या जुन्या पिढीच्या समवेत काम करता करता आत्मसात केली. ही विद्या पुस्तकातून येत नाही आणि जुना चित्रपट पाहूनही येत नाही, कारण चित्रपटात हात दिसत नाही. तो दिसू नये हेच त्याचे कौशल्य.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तेथेही कथा रामायणाचीच असते. ती कोणाला ठाऊक नसते असे नाही. बाहुली झिजली की नवी केली जाते, आणि ती करताना व चालविताना मुलगा बापाकडून शिकतो. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा एका व्यक्तीसमवेत एका अशा साखळीचाही गौरव झाला. तेथे 'पुढचा भाग' ही कल्पना नाही. पुढचा खेळ ही आहे. प्रत्येक खेळ जुनीच कथा सांगतो आणि प्रत्येक खेळामुळे हात जिवंत राहतो.

बाहुलीपटाच्या अनुवर्तनाला याच कसोटीवर तपासले पाहिजे. मूळ कथेत काय उरले होते, हा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. 'एज ऑफ रेझिस्टन्स'ने तो प्रश्न मागे वळून सोडविला, आणि संमती व निष्ठा यांच्या विश्लेषणात मूळ कृतीला काही खरी भर घातली. स्पष्टीकरणाच्या हव्यासात तिचे काही मौन गमावले. परंतु तिचे मुख्य श्रेय निराळे आहे. एका मृत कलावंताचे जग जतन करावयाचे, तर त्याच्या बाहुल्या काचेच्या पेटीत ठेवून भागत नाही. त्या पुन्हा घडवाव्या लागतात आणि त्यांत पुन्हा हात घालावा लागतो. मालिका थांबली तेव्हा एक कथा अपुरी राहिली, हे दुःख लहान आहे. शेकडो कारागीर आणि चालक यांनी पुन्हा मिळविलेल्या विद्येला पुढचा खेळ मिळाला नाही, हे त्याहून मोठे.